सूर्य नसलेल्या गावातली दिवेलागण

"ताई, नमस्कार. आम्ही मूळचे सातारचे. यजमानांना नॉर्वेत ट्रॉम्सोच्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं, म्हणून जूनमध्ये इथे आलो. तेव्हा चोवीस तास ऊन होतं. पाच वर्षांचा मुलगा रात्री अकराला म्हणायचा, 'अजून ऊन आहे, मी का झोपू?' तेव्हा हसू यायचं. आता डिसेंबर लागलाय आणि सूर्य उगवतच नाही. मुलगा विचारतो, 'आई, ही रात्रीची सकाळ आहे की खरी?' मला नोकरी नाही. दोघं बाहेर पडले की मी पुन्हा झोपते ती अकराला, कधी बाराला उठते. दुपारी परत डोळा लागतो आणि रात्री टक्क जाग. मग दोन-अडीचला आईला फोन लावते, तेवढंच बरं वाटतं. गोड खाणं वाढलंय. मुलावर खेकसते आणि नंतर रडत बसते. यजमान म्हणतात, मनाचे खेळ आहेत, इथे सत्तर हजारांवर लोक राहतातच ना! सासूबाई म्हणतात, सूर्योदयाच्या आत उठत जा. इथे सूर्योदय कुठून आणू? संकष्टीचा चंद्रोदय कसा धरायचा तेही कळत नाही. मुलाला घेऊन कायमची परत येऊ का?
— एक सातारकर, ट्रॉम्सो"

सातारकर ताई,

सासूबाईंचं आधी मिटवून टाकू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. १५ जानेवारीपर्यंत तुम्ही कितीही वाजता उठलात तरी सूर्योदयाच्या आतच उठलात. हे त्यांना फोनवर सांगा. हसल्या तर उत्तम.

आता तुमचं. तुमच्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. रात्री दोन-अडीचला आईला फोन. हिवाळ्यात नॉर्वेचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. म्हणजे तुमचे अडीच वाजतात तेव्हा सातारला सकाळचे सात. आई उठलेली असते, चहा ठेवलेला असतो, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, पाणी आलं-गेलं अशी बोलणी होतात. तुम्ही रोज रात्री सातारची सकाळ उजाडवून घेताय, आणि मग ट्रॉम्सोच्या सकाळी झोपून राहताय. शरीर ट्रॉम्सोत आहे, घड्याळ मात्र सातारला लावलेलं आहे. मला वाटतं, तुमचं निम्मं दुखणं इथे आहे. उरलेलं निम्मं खरोखर अंधाराचं आहे, आणि ते मनाचे खेळ नाहीत.

हे पत्र यजमानांना वाचायला द्या, म्हणून जरा सविस्तर सांगते. ते संशोधक आहेत, त्यांना कारण लागेल.

आपल्या डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम पाहणं नाही. बाहेर उजेड किती आहे एवढी खबर त्या मेंदूला देतात. हे साधारण २००२ च्या सुमारास नीट कळलं, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. त्या खबरीवर मेंदूतलं घड्याळ रोज सकाळी मिळवलं जातं. झोप आणणारं मेलाटोनिन कधी वाढवायचं, कधी थांबवायचं, ते त्यावर ठरतं. हे घड्याळ मुळात चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, म्हणून उजेडाने ते रोज मागे ओढावं लागतं. ओढणारं कोणी नसलं की ते पुढे पुढे घसरतं. सातारला वर्षातला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा आणि मोठा तेरा तासांचा, जेमतेम दोन तासांचा फरक. तिथे आयुष्यभर तुम्हाला हे काम जाणीवपूर्वक करावंच लागलं नाही. खिडकीतून ऊन आलं, दूधवाल्याने बेल वाजवली, झाली सकाळ. तुमच्या सध्याच्या गावात जून आणि डिसेंबर यांच्यात चोवीस तासांचा फरक आहे. हा आळस नाही आणि कमकुवतपणाही नाही.

नॉर्मन रोझेंथाल नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गहून अमेरिकेत गेले. उन्हातला माणूस थंड देशात आला आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांना जाणवलं की आपल्यातलं काहीतरी मंदावतंय, वसंत आला की परत येतंय. पुढे १९८४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हिवाळी उदासीचं रीतसर वर्णन केलं आणि तेजस्वी दिव्याचा उपचारही मांडला. जास्त झोप, गोडाची ओढ, वाढतं वजन, चिडचिड, सगळी तुमचीच यादी.

पण हा उपचार त्याहून जुना आहे, आणि त्याचा एक साक्षीदार तुमच्या ट्रॉम्सोच्या बंदराजवळ पुतळा होऊन उभा आहे. रोआल अमुंडसेन, ध्रुवांकडच्या मोहिमांसाठी प्रसिद्ध नॉर्वेजियन दर्यावर्दी. १८९८ मध्ये 'बेल्जिका' नावाचं जहाज दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात अडकलं आणि वर्षभर अडकूनच राहिलं. तरुण अमुंडसेन त्यावर अधिकारी होता. सूर्य गेला तशी माणसं खचत गेली. कोणाचं जेवणावरचं मन उडालं, कोणाचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कूक यांनी दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. एक, पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस खायचं (हे तुम्ही सोडून द्या). दुसरी, पेटत्या शेगडीसमोर कपडे काढून रोज तासभर बसायचं, उजेड आणि ऊब अंगावर घेत. माणसं सावरली. मला यात आवडतं ते हे की त्यांनी कोणालाही 'मन खंबीर ठेव' असं सांगत बसण्यात वेळ घालवला नाही. शेगडीसमोर बसवलं.

तर तुम्हीही बसा. दहा हजार लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचं माप) उपचाराचा दिवा नॉर्वेत सहज मिळतो. सकाळी उठल्यावर तासाभराच्या आत, अर्धा तास, हातभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवून. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, समोर चहा-पोहे घ्यायचे, मुलाचा डबा भरायचा असेल तर ओट्यावरच दिवा ठेवायचा. दहा हजार हा आकडा मोठा वाटतो, पण सातारच्या भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात. तुमच्या दिवाणखान्यात सगळे दिवे लावलेत तरी दोन-तीनशेच्या पुढे फारसं जात नाही. म्हणून 'घरात दिवे लावते की मी' हे उत्तर चालायचं नाही. डोळ्यांचा काही आजार असेल, किंवा तुम्हाला वा घरात कोणाला अति उत्साह आणि अति खिन्नता आलटून पालटून येण्याचा त्रास असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी हा दिवा लावू नका, झोप आणखी उडेल.

तुमच्या भागात घरगुती विजेवर व्हॅट नाही. आपल्याकडची 'खोलीतून उठलीस तर दिवा बंद कर' ही शिकवण जानेवारीपर्यंत माळ्यावर टाका. शेजाऱ्यांच्या खिडक्या बघा. प्रत्येक खिडकीत कागदाचा तारा, नाहीतर सात दिव्यांची कमान. ती नाताळची सजावट आहेच, पण रस्त्याने जाणाऱ्यासाठी लावलेले दिवेही आहेत. आकाशकंदील बरोबर आणला असेल तर तो काढा. दिवाळी सरली म्हणून काय झालं!

आता एक माझी फजिती. मी स्वतः उत्तर नॉर्वेत दोन हिवाळे काढलेत. पहिल्या वर्षी 'अंधारच आहे, बाहेर जाऊन काय करायचं' म्हणून मी जवळजवळ दोन आठवडे दुपारी दोनच्या आधी घराबाहेर पडले नव्हते. एक दिवस कचऱ्याची पिशवी टाकायला साडेअकराला बाहेर आले आणि पायरीवरच थांबले. सगळं निळं. डोंगर निळे, बर्फ निळा, दक्षिणेला क्षितिजावर गुलाबी पट्टा. ज्या अंधाराबद्दल मी घरी रडगाणं गात होते, तो रोज दुपारी चार तास उघडत होता आणि मी पडदे लावून आत बसले होते.

हा चमत्कार नाही, साधा हिशेब आहे. ट्रॉम्सोत अगदी २१ डिसेंबरलासुद्धा भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या तीनच अंश खाली असतो. आपल्याकडे सूर्य मावळल्यावर दहा-पंधरा मिनिटं जो उजेड राहतो, तसा तो. साडेनऊच्या सुमाराला सुरू होतो आणि दोनच्या आत संपतो. त्यात दिव्याइतकं लक्सचं बळ नाही, पण पाय चालतात, माणसं दिसतात, आणि दिवसाला मध्य मिळतो. तुम्ही अकरा-बाराला उठता, म्हणजे हाच तुकडा झोपेत घालवता. नॉर्वेजियन लोक या काळाला मोर्केटीड म्हणतात, अंधाराचा काळ. पण त्यांना विचारलंत तर बहुतेक जण सांगतील की खरा वाईट महिना नोव्हेंबर, बर्फ पडायच्या आधीचा, काळा आणि चिकचिकीत. बर्फ पडलं की रस्त्यावरच्या दिव्यांनीच गाव उजळतं. नोव्हेंबर तुम्ही काढलात, ताई. कोणी शाबासकी दिली नसेल, म्हणून मी देते.

कॅरी लायबोविट्झ नावाची अमेरिकन मानसशास्त्राची अभ्यासक २०१४ मध्ये ट्रॉम्सोला गेली होती. लोक हिवाळा कसा सोसतात हे बघायला गेली आणि तिथे तिला हिवाळ्याची वाट बघणारी माणसं भेटली. हे उदाहरण देऊन हल्ली 'दृष्टिकोन बदला' असं सांगितलं जातं. मला तो उपदेश पटत नाही. दृष्टिकोन हवेत बदलत नाही. तिथल्या लोकांकडे लहानपणापासूनच्या सवयी असतात: लोकरीचे आतले कपडे, बुटांना लावायचे खिळे, अंगावर चमकपट्टी, दिव्यांनी उजळलेल्या स्कीच्या वाटा, जानेवारीत ऐन अंधारात भरवलेला चित्रपट महोत्सव. आधी खिळे विकत घ्या, दृष्टिकोन मागाहून बघू. बर्फावर घसरायच्या भीतीने घरात बसलेल्या किती भारतीय बायका मी पाहिल्यात! मुलगा मजेत आहे ना? कारण बालवाडीत त्याला रोज, कुठल्याही हवेत, बाहेर काढतात. त्याचंच वेळापत्रक तुम्ही घ्या.

आता फोन. रात्रीचा फोन बंद करा असं मी सांगते म्हणजे मला निर्दय समजू नका. बंद नाही, हलवा. दुपारी दीड वाजता लावा. तेव्हा तुमच्या खिडकीबाहेरचं निळं मिटत आलेलं असतं, आणि सातारला बरोबर सहा वाजलेले असतात. डिसेंबरात तिथेही सूर्य त्याच सुमाराला मावळतो. आई तुळशीपाशी दिवा लावायला निघालेली असेल. तुम्हीही लावा. दोघींची दिवेलागण एकाच वेळी. वर्षभरात हे जुळून येण्याचे दिवस थोडेच, आणि ते तुमच्या या 'वाईट' महिन्यातच येतात. पंधरा-वीस मिनिटं बोला आणि मग मुलाला आणायची तयारी. पहिल्या तीन-चार रात्री अडीचला जाग येईलच. फोनला हात लावायचा नाही, तो स्वयंपाकघरात ठेवून झोपायचं. जाग आली तर मंद दिव्यात पुस्तक वाचा. सकाळी कितीही जड झालं तरी सातला उठून दिव्यासमोर. दुपारी झोपायचं झालंच तर गजर लावून वीस मिनिटं. आठवडा-दीड आठवडा तरी चिकाटी धरा, त्यानंतरच मला फरक कळवा.

संकष्टीचं. धर्मशास्त्राचा अधिकार मला नाही, पण हिशेब सांगते. तुमच्या अक्षांशावर चंद्रही सरळ वागत नाही. सध्याच्या वर्षांत डिसेंबरातल्या पौर्णिमेच्या सुमाराला तो काही दिवस मावळतच नाही, आणि जूनमधल्या पौर्णिमेला उगवत नाही. त्याच्या भरवशावर उपास सोडायचा म्हटलं तर पंचाईत. माझ्या ओळखीच्या उत्तरेतल्या मराठी घरांत माहेरचा किंवा सासरचा चंद्रोदय धरतात. सातारला साडेआठ-नऊला चंद्र दिसला की तुमचे चार-साडेचार. उपास लवकर सुटतो, तक्रार कशाला?

सासूबाईंना आणखी एक सांगता येईल. उत्तरायण हा देवांचा दिवस आणि दक्षिणायन ही देवांची रात्र, असं आपल्या परंपरेत म्हणतात. त्यांची सून जवळपास त्या हिशेबाने राहते आहे. लोकमान्यांनी १९०३ मध्ये अख्खा ग्रंथ काढून मांडलं की वेदांतल्या लांबच लांब उषा उत्तर ध्रुवाकडच्याच. विद्वानांनी तो सिद्धांत मान्य केला नाही, आणि मीही करत नाही. पण तुम्ही जानेवारीत दुपारी बाराला ती लांबलेली पहाट बघाल तेव्हा टिळकांना मोह का पडला असेल ते कळेल. आणि 'इतक्या उत्तरेला आपल्यापैकी कोण जातं' असं कोणी म्हणालं तर सांगा, तुमच्याही उत्तरेला, स्वालबार्ड या नॉर्वेच्याच बेटांवर, भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. गोव्यात वास्कोला असलेली ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. तिथला अंधार जवळपास चार महिन्यांचा. डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ त्या अंधारातही जाऊन राहू लागलेत.

खाण्याबद्दल थोडक्यात. तुमच्या अक्षांशावर साधारण ऑक्टोबर ते मार्च उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतच नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर एरवीही जास्त ऊन लागतं. नॉर्वेजियन लोक कॉड माशाच्या यकृताचं तेल चमचाभर घेतात. चव भयंकर असते. शाकाहारी असाल तर थेंब किंवा गोळ्या मिळतात. तुमच्या नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे, म्हणजे फास्टलेगेंकडे जाऊन ड जीवनसत्त्व, लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. अंधाराच्या नावावर थायरॉइडचं दुखणं खपून गेलेलं मी पाहिलंय. आणि त्यांना झोपेचं आणि रडण्याचंही सांगा. लाजू नका, त्या गावात हे ऐकून कोणी चकित होत नाही. दिवस दिवस अंथरुणातून उठावंसं वाटेना, जेवण जाईना, मुलाकडे बघवेना किंवा जगावंसंच वाटेना, असं झालं तर भेटीच्या तारखेची वाट बघायची नाही. ११६११७ हा रात्रंदिवसाचा वैद्यकीय मदतीचा नंबर फोनमध्ये आजच टाकून ठेवा, आणि जिवावरचं वाटलं तर ११३.

यजमानांना दोन शब्द. दादा, तुमच्याकडे सकाळी आठला पोचायची जागा आहे, तिथे दिवे आहेत, माणसं आहेत, कोणी नावाने हाक मारतं. तुमचं घड्याळ तुमची नोकरी मिळवते. बायकोकडे यातलं काही नाही. तिला 'मनाचे खेळ' सांगण्याऐवजी सकाळी निघताना दिवा लावून तिला त्यासमोर बसवून जा, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी दुपारी अकराला विद्यापीठातून बाहेर येऊन तिच्याबरोबर अर्धा तास चाला. ताई, तुम्हीही कुठेतरी 'पोचायची' जागा शोधा. गावातलं वाचनालय मोठमोठ्या काचांचं आहे. तिथे नॉर्वेजियन बोलायच्या सरावाच्या बैठकांची चौकशी करा. भाषा येईल तेव्हा येईल. मंगळवारी दहाला कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढ्याने मंगळवार उभा राहतो.

राहिला मोठा प्रश्न, परत यायचं का. येऊ शकता. त्यात हार वगैरे काही नाही, आणि काही माणसांना तो अक्षांश खरोखर मानवत नाही. पण हा निर्णय डिसेंबरात घेऊ नका. नाताळात सुट्टीला सातारला जायचा विचार असेल तर जा, मात्र जमलं तर २० जानेवारीच्या आसपास परत या, ऐन अंधारात नको. कारण त्यापुढे जे होतं ते तुम्ही अजून बघितलेलंच नाही. सूर्य १५ जानेवारीच्या सुमाराला क्षितिजावर येतो, पण आडव्या डोंगरांमुळे गावात दिसायला २१ तारीख उजाडते. त्या दिवसाला ते सूर्याचा दिवस म्हणतात. शाळांतली मुलं बाहेर येतात, बेकरीसमोर रांग लागते, आणि सगळे 'सूलबोले' नावाचे तळलेले गोड पाव खातात. त्यानंतर दिवस रोज सरासरी दहा-अकरा मिनिटांनी वाढतो. मार्चमध्ये बर्फ आणि ऊन दोन्ही एकदम असतं, डोळे दिपतात.

आणि मग मेपासून उलटा त्रास. १८-२० मे ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळणार नाही, मुलगा पुन्हा अकराला वाद घालेल. २०१९ मध्ये तुमच्याजवळच्याच सोमारोय बेटावरच्या लोकांनी 'आम्हाला उन्हाळ्यात घड्याळच नको' अशी मागणी केल्याची बातमी जगभर गाजली. पुलाच्या कठड्याला घड्याळं बांधल्याचे फोटो आले. नंतर कळलं की ती पर्यटनाची जाहिरात होती. घड्याळ टाकून दिलेलं फोटोत बरं दिसतं, पाच वर्षांच्या मुलाच्या घरात नाही. एप्रिलमध्येच मुलाच्या खोलीला अजिबात उजेड न येणारे जाड पडदे करून घ्या, सातला ते ओढा आणि 'ऊन झोपलं' असं जाहीर करा. या जूनमध्ये तुम्ही हसलात, तेव्हाच त्याची आणि तुमची झोप सैल व्हायला लागली होती, असा माझा अंदाज आहे.

पण ते मेमध्ये. आत्ता पंचांग काढा. सूर्य तुमच्या क्षितिजावर येतो तो संक्रांतीच्या आगेमागे, आणि तिथून रथसप्तमीपर्यंत आपलं हळदीकुंकू. त्या दिवसांत शेजारच्या चार बायकांना घरी बोलवा. तिळगूळ द्या, त्या सूलबोले घेऊन येतील. 'गोड बोला' याचं नॉर्वेजियन भाषांतर तोवर मुलाला विचारून ठेवा, त्याला तुमच्यापेक्षा आधी येईल. तीळ बरोबर आणलेत का? नसतील तर आत्ताच आईला सांगा, पार्सल पोचायला वेळ लागतो.

तुमची,
ताई